पुस्तकातला पाला

नंदिगड्ड्याच्या पंचायतीत डाव्या हाताची खोली लायब्ररीची. तिथं मी रोज दुपारी तीन ते सहा बसते. खोलीत तीन लोखंडी कपाटं होती, दोन बाकं, एक पंखा आणि भिंतीवर एक नकाशा, ज्यात आमचं गाव नाही. पुस्तकं निम्मी कन्नड, निम्मी मराठी. वाचणारेही तसेच. एकच माणूस सोमवारी कन्नड पुस्तक नेतो, गुरुवारी मराठी नेतो आणि घरी तिसरंच काहीतरी बोलतो, कोकणीकडे झुकलेलं.

तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, माझं स्वतःचं एक पुस्तक होतं. म्हणजे मी लिहिलेलं. गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पुस्तकावर माझं माहेरचं नाव आहे आणि इथं मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. नवऱ्याला ठाऊक होतं. त्यानं ते हातात घेतलं, उघडलं, ‘छपाई छान आलीय’ म्हणून मिटलं, आणि त्याच्यापुरतं ते मिटलेलंच राहिलं. पाच वर्षांपूर्वी मी त्याची एक प्रत लायब्ररीत इतर पुस्तकांच्या मधोमध सरकवून ठेवली आणि कोण नेतं ते बघत बसले.

कुणी नेलं नाही. निदान वहीत तरी तसं दिसत नव्हतं. पण वहीवर माझा फारसा भरवसा नव्हता. आमच्याकडे लोकांना सही करायला सांगितली की ते दचकतात. सही केली की आपण कशात तरी अडकलो, असं त्यांना वाटतं. त्यामुळे बरीचशी पुस्तकं पिशवीतून जातात आणि पिशवीतून येतात. मी बघून न बघितल्यासारखं करते. पुस्तक आहे, सोनं नव्हे. फक्त माझ्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र मला सही हवी होती. एक तरी.

त्या पुस्तकात पंधरा लेख आहेत. त्यातले चौदा मी तीन वर्षं घासूनपुसून लिहिले. रामनगरचं आमचं धान्याचं दुकान, खानापुराकडून आलेली आमची माणसं, बाजारातल्या चार भाषा, असं बरंच. वाक्यंच्या वाक्यं मला पाठ आहेत. पंधरावा लेख लिहायचा नव्हताच. बेळगावच्या छापखान्यातून मालकांचा फोन आला की शेवटच्या फॉर्मची चार पानं कोरी राहताहेत, काहीतरी भर घाला. पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांनी छापतात हे मला तेव्हा कळलं. मजकूर दुसऱ्या दिवशीच हवा होता. मी स्वयंपाक आटपला आणि एका बैठकीत चार पानं लिहून काढली. घाईत खोटं सुचत नाही, तसं माझं झालं.

त्या चार पानांत माझी थोरली बहीण आहे. तिला दिग्गीकडे दिलीय, ओढ्यापलीकडे. आई शेवटचे काही महिने माझ्याकडे होती. एका सकाळी आईचं बोलणं बंद झालं. दिग्गीत फोन लागत नाही, अक्काला निरोप द्यायचा तर माणूस पाठवावा लागतो. माणूस दारात उभा होता. मी त्याला चहा दिला. मग जेवायला बसवलं. मग आणखी काहीतरी काम काढलं. तो निघाला तेव्हा ऊन कललं होतं. का केलं मी तसं? आई जितकी उरली होती तितकी मला एकटीला हवी होती, दुसरं काही नाही. अक्का पोचली तेव्हा आई गेलेली होती. अक्का दारातच म्हणाली, ‘उशीर केलास.’ त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. वर्षभरानं मी तिच्याकडे जायला निघाले, ओढ्यापर्यंत गेले, पलीकडे तिच्या घराचं छप्पर दिसलं, आणि परत फिरले. लेख तिथंच संपतो. त्यात गावाचं नाव नाही, तिचं नाही, माझंही नाही. छापून आल्यावर मला त्या चार पानांची इतकी लाज वाटली की मी ती पुन्हा वाचली नाही. अक्काकडे त्यानंतरही गेले नाही.

आता मूळ गोष्ट. या वर्षी संक्रांतीनंतर अंगणवाडीचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि पोरांना आमच्या खोलीत बसवायचं ठरलं. जागा हवी म्हणून तीनपैकी दोन कपाटं हलवायची. एका कपाटात मावतील तितकी पुस्तकं ठेवा आणि बाकीची खोक्यांत भरा, जीप येऊन तालुक्याला नेईल, असा निरोप आला.

‘कुठली ठेवू?’ मी तालुक्याच्या साहेबांना फोनवर विचारलं.

‘जी वाचली जातात ती.’

‘ती कुठली?’

‘ते तुम्हालाच ठाऊक असणार, बाई.’

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या खोलीत बसून मला हे ठाऊक नव्हतं याचा मला स्वतःचाच राग आला. आणि त्या रागाच्या पोटात एक आशाही होती, ती लपवून काय करू. लोकांना विचारायचं म्हणजे माझ्या पुस्तकाबद्दलही कळणार होतं.

पण त्याआधी मी साफसफाई काढली, तीच चूक झाली. रद्दी दिल्यासारखी पुस्तकं द्यायची नाहीत म्हणून मी एकेक पुस्तक पालथं धरून झटकलं, फडक्यानं पुसलं. प्रत्येकातून पाला पडायचा. फणसाची पानं, जांभळीची, कुंब्याची, दालचिनीची, नेच्याचे तुरे. काही हिरवट, काही वाळून पापडासारखी झालेली. मी मनात शिव्या घालत होते. खुणेला साधा कागद मिळत नाही का या लोकांना? चार दिवसांत दोन टोपल्या पाला निघाला. तो मी पंचायतीमागच्या खताच्या खड्ड्यात टाकला, आणि स्वच्छ पुस्तकांकडे बघून समाधानानं चहा प्यायले.

मग विचारायला सुरुवात केली. ‘कुठलं पुस्तक आवडतं?’ असं विचारलं की सगळे परीक्षेला बसल्यासारखे सावध होत. ‘समदीच चांगली हाईत की, बाई.’ एकानं तर मला बरं वाटावं म्हणून सगळ्यात जाड पुस्तकाकडे बोट दाखवलं. तो कन्नड शब्दकोश होता. दोन दिवस असे फुकट गेल्यावर मी प्रश्न बदलला. ‘कुठलं पुस्तक इथून हरवलं तर तुम्हाला राग येईल?’

यावर मात्र लोक खरं बोलू लागले. मी वहीच्या मागच्या पानांवर त्यांची उत्तरं लिहून घेतली आणि संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचली. मला वाटलं होतं तसं एकही उत्तर नव्हतं.

आमच्या गावातून वळून परत जाणाऱ्या बसगाडीचा ड्रायव्हर कवितांचं पुस्तक नेतो, हे मला माहीत होतं. मी त्याला मनातल्या मनात रसिक म्हणून वरच्या पाटावर बसवलं होतं. तो म्हणाला, ‘कविता संपती, बाई. गाडी सुटायच्या आत संपती. कादंबरी घेतली की माणसं आत बसून बोंबलाय लागत्यात आन हिकडं कोणतरी मराय टेकलेलं असतंय.’ म्हणजे सगळा मामला लांबीचा होता तर. मी जरा हिरमुसले. जाता जाता तो म्हणाला, ‘एक वाचायची आन घाटात घोळवत जायची. उतारापातूर अर्थ लागतो. कधी न्हाई बी लागत.’ मग मी त्याला परत पाटावर बसवलं.

नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी आहे. ती पाककृतींचं एक पुस्तक पुन्हा पुन्हा नेते. त्यातले निम्मे पदार्थ भट्टीत भाजायचे, आणि उरलेल्यांना लागणारं सामान तालुक्याला, जोयड्यातसुद्धा मिळणार नाही. ‘करून बघितलंस का काही?’ मी विचारलं. ती हसली. ‘न्हाई ओ. पण त्यात कसं लिवलंय बघा की. घ्या, ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग हलक्या हातानं उलटा.’ थोडं थांबून म्हणाली, ‘मला कोण सांगत न्हाई असं, निवांत.’ तिच्या सासूला मी चांगली ओळखते, म्हणून पुढं काही विचारलं नाही.

परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी सामान्यज्ञानाचं जाड पुस्तक म्हणाली. का, तर हातात जाड पुस्तक असलं की घरात कुणी तिला पाणी आणायला उठवत नाही. पातळ असलं की उठवतात. मी तिला आणखी जाड एक काढून दिलं.

जंगलात रोजानं कामाला जाणारा एक माणूस म्हशींच्या रोगांवरचं पुस्तक म्हणाला. त्याच्याकडे म्हैस नाही. होती, गाभण असताना गेली. ‘आता वाचून काय?’ हे माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली. तो शांतपणे म्हणाला, ‘कुठं चुकलं ते कळतंय, बाई. तिला काय झालं हुतं त्याला नाव हाय, हे कळलं.’ एवढं बोलून तो बाहेर गेला आणि बराच वेळ चपला शोधत राहिला. चपला त्याच्यासमोरच होत्या.

गाडी थांबते तिथं एका बाईचं चहाचं हॉटेल आहे. ती विधवा आहे. माझ्याच वयाची, जिभेला तिखट, आणि एकच रहस्यकथा सतत वाचते. खून कुणी केला ते तिला पहिल्या वर्षीच कळलंय. ‘मग आता काय बघतेस त्यात?’ म्हटल्यावर म्हणाली, ‘बाकीच्यास्नी ठाऊक न्हाई त्ये बघती. समद्यांच्या डोळ्याम्होरनं जातोय त्यो, च्या पितोय, आन कुणाच्या लक्षात येत न्हाई. मला लई मज्जा येती.’ मी तिलाही विचारलं, ‘आणखी कुठलं?’ ती गल्ल्यावरचं फडकं झटकत म्हणाली, ‘न्हाई. एवढंच.’

आणि एक म्हातारे गृहस्थ आहेत, भातशेतीवाले, नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा. ते बर्फाळ मुलखातल्या प्रवासाचं एक पुस्तक नेतात. तिथं सहा महिने सूर्य मावळत नाही, हे खरं का, म्हणून ते मला तीनदा विचारायला आले होते. तिन्ही वेळा मी हो म्हटलं आणि तिन्ही वेळा ते मान हलवत गेले. त्यांना पुस्तक का आवडतं? ‘हेनं एका जागी कबूल केलंय, की हे असं का हुतं मला ठाऊक न्हाई. एवढा शिकल्याला माणूस! असल्याचं ऐकावं.’

अशी उत्तरं पंधरा-वीस दिवस गोळा होत राहिली. माझ्या पुस्तकाचं नाव कुणाच्याही तोंडून आलं नाही. मी आडून आडून सुचवूनही बघितलं. ‘लेखबिख वाचत नाही का कुणी?’ असं सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, ‘लेख म्हंजे कविताच, पर लवकर संपत न्हाई.’

मग मी कपाट भरलं. पाककृती ठेवल्या, म्हशी ठेवल्या, खून ठेवला, बर्फ ठेवलं. माझं पुस्तक हातात घेतलं, परत ठेवलं, परत घेतलं. शेवटी खोक्यात टाकलं. लोकांनी मागितलं नाही ते ठेवायचं नाही हा नियम मीच केला होता. वर इतर पुस्तकांचा थर दिला, म्हणजे दिसायला नको. त्या दिवशी घरी मी आमटीत मीठ दोनदा घातलं. नवरा निमूट जेवला.

जीप काही आली नाही. आठवडा गेला. एका दुपारी ते चष्मेवाले म्हातारे बर्फाचं पुस्तक हातात घेऊन उभे राहिले. पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘बाई, हेच्यातला पाला कुठं गेला?’

‘कसला पाला?’

‘कुंब्याचा. मी घातल्याला. आन त्येच्याम्होरं फणसाचा हुता कुणाचा तरी.’

‘तो मी झटकून टाकला. किती घाण झाली होती पुस्तकांत!’

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी गावची विहीरच बुजवली होती. मग बाकावर बसले आणि अंगणवाडीतल्या पोराला समजवावं तसं मला विचारलं, ‘रानात वाट फुटती तितं पुढं गेल्याला माणूस काय करतो?’

‘डहाळी मोडून टाकतो.’

‘देठ कुठं असतो?’

‘तो गेला तिकडे.’

‘कशापायी?’

‘मागच्याला कळावं म्हणून.’

‘मग हितं बी मागनं कोणतरी येतंयच की!’

मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. अळंब्यांना जा, मधाला जा, पुढचा माणूस फाट्यावर ताजी डहाळी टाकून जातो, मागचा देठ बघून वळतो. दिग्गीच्या वाटेवर मी स्वतः अशा डहाळ्या बघत चाललेय. पण पुस्तकातला पाला म्हणजे तीच खूण, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. म्हाताऱ्यांनी मग सगळं सांगितलं. जिथं काहीतरी गवसलं तिथं पान ठेवायचं, देठ त्या ओळीकडे. दुसऱ्यालाही तेच पटलं तर तो त्यावर आपलं पान ठेवतो. ज्या पुस्तकात पाला नाही ते बिनवाटेचं रान. तिथं आधी कुणी शिरलं नाही असं समजायचं. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. हाताला सवय होती, ती पुस्तकातही चालू राहिली.

म्हणजे मी वीस दिवस दारोदार जे विचारत फिरले, त्याचं उत्तर दोन टोपल्या भरून माझ्याच हातात आलं होतं. कुठलं पुस्तक, कुठलं पान, कुठली ओळ, सगळं. आणि ते मी खड्ड्यात ओतलं होतं.

ते गेल्याबरोबर मी खड्ड्याकडे गेले. काठीनं ढोसून बघितलं. वर शेणाचे दोन थर पडले होते. काय शोधत होते मी? पाला सापडला असता तरी तो कुठल्या पुस्तकातला हे त्यावर लिहिलेलं थोडंच होतं! पण मला एकच गोष्ट आठवायची होती, आणि ती आठवत नव्हती. माझं पुस्तक झटकलं तेव्हा त्यातून काही पडलं होतं का?

मी खोलीत परत आले, दार लोटलं, खोकं उघडलं, वरचा थर काढला आणि माझं पुस्तक उजेडात धरलं. पहिला लेख. स्वच्छ. दुसरा, तिसरा, बाजाराचा तो लेख ज्याच्या पहिल्या वाक्यावर मी पंधरा दिवस घालवले होते. सगळं कोरं करकरीत, जणू कालच छापलेलं. पानं चिकटलेलीसुद्धा होती दोन ठिकाणी. आणि शेवटच्या चार पानांत, अगदी शेवटच्यावर, एक तपकिरी डाग होता. लांबट पानाचा, शिरांसकट. देठाची रेघ स्पष्ट उमटली होती. ती ‘मी परत फिरले’ या ओळीला टेकली होती.

मी तिथंच खोक्यावर बसले. आनंद झाला का? झाला. आणि त्याच क्षणी पाला ठेवणाऱ्याला विचारावंसं वाटलं, हीच का सापडली तुला? चौदा लेख सोडून हीच पानं?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक कपाटात ठेवलं. या खेपेला आत सरकवून नाही, अगदी पुढं, डोळ्यांसमोर. येईल त्याच्याकडे बघत बसले. सहा दिवस कुणी हात लावला नाही. सातव्या दिवशी हॉटेलवाली आली. रहस्यकथेकडे गेलेला तिचा हात मध्येच थांबला, आणि तिनं माझं पुस्तक बाहेर काढलं. मुखपृष्ठाकडे बघितलंही नाही. शेवटून उघडलं.

‘पान काढलंसा व्हय हेच्यातलं?’ ती म्हणाली. ‘दालचिनीचं हुतं.’

‘तू वाचलंस हे? मी विचारलं तेव्हा बोलली नाहीस ती!’

‘तुमी इचारलासा, हरवलं तर राग कशाचा येईल. हेचा न्हाई येणार मला. माझं काम झालं हेच्यातनं. आता दुसऱ्या कुणाला तरी घावाय पायजे, म्हणून तर पान घातलं.’

‘कसलं काम?’

ती बाकावर टेकली. तिचा भाऊ उळवीला असतो. नवरा वारला तेव्हाच्या कशावरून तरी दोघांत बोलणं तुटलं होतं, नेमकं कशावरून ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उळवीच्या जत्रेला ती दरवर्षी जायची, देवाला जायची आणि भावाच्या दारावरून परत यायची. ‘ह्या बाईचं वाचलं,’ ती पुस्तकावर बोट आपटत म्हणाली, ‘आन मला लई राग आला तिचा. वड्यापातूर जाऊन फिरती म्हंजे काय? घर दिसतंय की तुला! आन मग म्हटलं, अगं, मी तरी काय करती दर वर्सी? गेल्या जत्रेला सरळ आत गेले.’

‘मग? काय म्हणाला भाऊ?’

‘काय म्हणतोय! ये बी म्हटलं न्हाई. वैनीनं पाट दिला. जेवले आन आले. ह्या वर्सी त्यो हितं येऊन च्या पिऊन गेला. साखर जास्ती झाली म्हणाला.’

ती हसली आणि मीही हसले, पण माझे डोळे भरून आले होते. मी वहीत काहीतरी लिहायचं सोंग केलं. तिनं पुस्तक मिटलं नव्हतं. त्या डागावरून बोट फिरवत तिनं विचारलं, अगदी सहज, चहा घेणार का असं विचारावं तसं:

‘मग ही गेली का न्हाई?’

‘कोण?’

‘हीच, लिवणारी. हेच्यात काय ते लिवलं न्हाई. नंतर तरी गेली का बहिणीकडं?’

मला सहज म्हणता आलं असतं, मला काय माहीत. पुस्तक कुणाचं, मी कोण. पण तिच्यासमोर ते जमेना.

‘अजून नाही,’ मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. चहाच्या हॉटेलात बसून कोण कुणाशी बोलत नाही हे इतकी वर्षं बघितलेली नजर ती. मग उठून बाहेर गेली, पंचायतीच्या कुंपणाशी दालचिनीचं झाड आहे त्याचं एक कोवळं पान तोडून आणलं, पुस्तकात त्याच डागावर ठेवलं, देठ त्याच ओळीला लावला, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

‘घ्या,’ ती म्हणाली. ‘आदी तुमी न्या.’

रविवारी मी दिग्गीची वाट धरली. गाडी जाते तिथवर गाडीनं, पुढं पायी. पुस्तक पिशवीत होतं. काय बोलायचं ते पाठ करत चालले होते. चहाचं, जेवणाचं, त्या अर्ध्या दिवसाचं, सगळं तिला सांगून टाकायचं ठरवलं होतं. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच होतं. छप्पर दिसलं. या खेपेला मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय टाकला.

अक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होती. केस पिकलेत तिचे. तिनं मान वर केली.

‘उशीर केलास,’ ती म्हणाली.

तेच शब्द. माझं पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. ‘अक्का, त्या दिवशी मी मुद्दाम तुला...’

‘त्या दिवसाचं न्हाई म्हणत मी. त्ये ठाऊक हाय मला, तुझ्या माणसानंच सांगितलं, बाईनं जेवल्याबगार सोडलं न्हाई म्हणून.’ ती मिरच्या पसरतच होती. ‘त्याच्या दुसऱ्या वर्सी वड्याच्या पल्याड हुबी ऱ्हायलीस आन फिरलीस. मी हितनं बगत हुते. तांदूळ जास्ती टाकला हुता तुझ्यापायी.’

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. त्यात हे कुठेच नव्हतं.